करगोट्याखालचा डाग

आमच्या वाडीत भादव्यात ढग घरात येतात. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, पण येताना माझ्याच जीपनं या, कारण बाकीच्यांच्या जीपचे ब्रेक मला माहीत आहेत. दार जरा उघडं राहिलं की ढग उंबऱ्यावरून आत सरकतो, चुलीपाशी घुटमळतो, भांड्यांवर ओल धरतो आणि मागच्या दारानं निघून जातो. बाकीच्या बाया करवादतात, कपडे वाळत नाहीत म्हणून. रंगुबाई मात्र त्याच्याशी बोलते. "आला का पाव्हना? बस. चहा न्हाई, म्हैस आटलीय," असं म्हणते आणि भाकरी थापत राहते.

रंगुबाई नात्यानं माझी चुलती. मी कानिफनाथ. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथून खालच्या बाजारगावापर्यंत माझी जीप चालते. लोक मला तापट म्हणतात. मी तापट नाही, लोकच धड वागत नाहीत. पण काकीपुढं माझा आवाज चढत नाही, कारण ती ऐकतच नाही. मी ओरडत असतो आणि ती लांब धरणाच्या पाण्याकडं बघत असते. तिच्या आजीनं तिला लहानपणी सांगितलं होतं, की त्या पाण्याखाली जुनी खाचरं आहेत आणि तिथं अजून कुणीतरी नांगर धरतंय. सत्तरी गाठली तरी काकीला ते खरंच वाटतं. पाणी हललं की म्हणते, "बघ, बैल वळला."

अशी ही बाई, पण सगळ्या डोंगराला ठाऊक होती ती बिब्ब्यामुळं. बिब्ब्याचं काळं बी सुईला टोचायचं, दिव्याच्या ज्योतीवर धरायचं, तेलाचा थेंब सुटला की दुखऱ्या जागी टेकवायचा. कातडी भाजते, काळा डाग पडतो, चार दिवस खाजून खाजून जीव नकोसा होतो आणि मग दुखणं गेलं म्हणायचं. काकीचा डाग म्हणजे फुली. एक रेघ उभी, एक आडवी, इतकी नेमकी की मास्तरानं चुकलेल्या उत्तराला द्यावी. वाडीत कुणाच्या गुडघ्यावर, कुणाच्या कमरेवर, कुणाच्या टाचेत तिची फुली आहे. माझ्याही टाचेत आहे. ती लावताना काकी ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि तिचे डोळे असे व्हायचे की वाटावं ही इथं नाहीच.

आता तिचं दुखणं सांगतो. तिला मुलगे होते दोन, थोरला गोरक्ष आणि धाकटा मच्छिंद्र. मच्छिंद्र लहान असताना तापानं फणफणला. पाऊस असा की घाटात दरड पडलेली. काकीनं पोटावर फुल्या दिल्या, उशाशी बसून राहिली. पोरगं गेलं. त्या वेळी गोरक्ष असेल सात-आठ वर्षांचा. त्यानं सगळं बघितलं, आणि पोराच्या डोक्यात बसायचं ते बसलं. बिब्ब्याचा वास आला तरी तो घरातून उठून जायचा. आईला तोंडावर कधी बोलला नाही, पण बोलला नाही म्हणजे विसरला असं थोडंच आहे?

गोरक्ष मोठा झाला, सुप्याला कारखान्यात लागला, तिकडंच खोली घेऊन राहिला. बायको केली देवळाली प्रवऱ्याची, रेश्मा. ती राहिली वाडीतच, काकीपाशी. सपाट उसाच्या मुलखातली पोर. पहिल्या भादव्यात ढग घरात शिरला तेव्हा आग लागली म्हणून ओरडत बाहेर पळाली. आम्ही पोट धरून हसलो. काकी हसली नाही. तिनं सुनेला हाताला धरून आत आणलं, ढगात बसवलं आणि म्हणाली, "भिऊ नको, हा आपल्याच घरचा हाय." त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं ते जमलं. आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. रेश्माच्या तोंडी दिवसभर तेच. आत्या, भात कांडू का. आत्या, जरा पडा. माझ्या बायकोनं माझ्या आईला आयुष्यात इतक्या हाका मारल्या नाहीत. हे मी तिला सांगितलं, आणि त्या दिवशी मला कोरडी भाकर मिळाली.

निकिता झाली, गोरक्षची लेक. बारशाला सगळी भावकी जमली होती आणि तिथं सगळ्यांसमोर गोरक्षनं तोंड उघडलं. "माझ्या पोरीच्या अंगावर बिब्ब्याचा डाग दिसला, तर जिनं लावला तिला या घरात जागा न्हाई. मग ती कुनी का असंना." कुणाला उद्देशून बोलला हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काकी उठली, देवळीतला पावडरीचा जुना डबा काढला, त्यात बिब्बे आणि सुई असायची, आणि तो रेश्माच्या हातात दिला. "ठेव तुझ्या ट्रंकंत. माझ्या हाताचा मलाच भरवसा न्हाई." त्यानंतर तिनं कुणालाच बिब्बा लावला नाही. कुणी आलं तर सांगायची, "दवाखान्यात जा, कानिफाची जीप हाय."

गेल्या भादव्यात निकी चार वर्षांची होती. टपोऱ्या डोळ्यांची, आजीच्या मागं मागं शेपटासारखी. डोंगराच्या उताराला सोनकी फुलली होती, सगळा उतार पिवळा. काकी तिथं म्हशीला गवत कापायची आणि निकी शेजारी गोणपाटावर बसून फुलांशी गप्पा मारायची. आजीचाच वाण. मी रस्त्यावरून जाताना हॉर्न दिला की दोघी एकदम हात हलवायच्या. ढग आला की दोघी दिसेनाशा व्हायच्या, ढग सरला की पुन्हा तिथंच.

मग तिला ताप आला. आधी वाटलं साधाच. आशाताईनं गोळ्या दिल्या, ताप उतरला, पुन्हा चढला. आमच्याकडं पावसाळ्याच्या अखेरीला घरोघर ताप असतोच, कोण घाबरतंय? पण पोरगी खाईना. हसेना. डोळे लाल झाले. आजीच्या मांडीवर पडून छपराकडं बोट दाखवायची, "आजी, तिथं मासं हायेत." काकी वर बघून म्हणायची, "व्हय गं, हायेत." रेश्मा माझ्या दारात आली ती चप्पल न घालता. "दादा, जीप काढा." ती रडत होती. मी चहा तसाच ठेवला.

त्या सकाळचा घाट मी विसरणार नाही. पुढचं चाकसुद्धा दिसत नव्हतं. पांढऱ्या धुक्यात जीप चालली होती की उभी होती तेच कळेना. मागं निकी हळूहळू बडबडत होती. धरणात ढग पोहतायत, पांढरा बैल घरात आला, त्याला भाकर दे. काकी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती, "देते बाळा, दिली बघ." मी ओरडलो, "काकी, तिला हो हो करू नको, जागी ठेव!" काकी म्हणाली, "तिला एकटीला तिकडं कशी सोडू?"

खालचा दवाखाना सरकारी. डॉक्टरबाई वयानं लहान, पण कामाची. तिनं पोरीला तपासलं आणि रक्त घ्यायला सांगितलं. रक्त तपासणारा हर्षल, त्याला मी ओळखतो, रोज माझ्या जीपनं येतो आणि रोज उशीर झाला म्हणून मलाच बोलतो. त्यानं बोटाला टोचून थेंब घेतले. दोन पट्ट्या मांडल्या, एक मलेरियाची, एक डेंगूची. पट्टी म्हणजे बोटाएवढा पांढरा प्लास्टिकचा तुकडा, मध्ये बारीकशी खिडकी. थेंब टाकला, वरून बाटलीतलं औषध टिपटिप सोडलं. भातखाचरात पाणी सोडल्यावर ते जसं कडेकडेनं आत चढतं, तसं रक्त त्या खिडकीत चढायला लागलं. काकी वाकून बघत राहिली. तिला वेळेचं भानच राहिलं नाही.

"आजी, एक रेघ उमटली म्हणजे पट्टी चांगली आहे," हर्षलनं तिला समजावलं. "दुसरी उमटली म्हणजे तो रोग आहे."

दोन्ही पट्ट्यांवर एकेकच रेघ. काकीनं हात जोडले. मला मात्र बरं वाटलं नाही. मलेरिया नाही, डेंगू नाही, मग पोरगी तव्यासारखी का तापलीय?

रेश्मा औषधं आणायला मेडिकलवर गेली होती. मी निकीची चप्पल हातात धरून दाराशी उभा होतो. डॉक्टरबाईनं पोरीला पुन्हा झोपवलं, फ्रॉक वर केला, कमरेचा काळा करगोटा जरा सरकवला आणि थांबली. करगोट्याच्या बरोबर खाली एक डाग होता. वाटाण्याएवढा, काळा, भोवती लाल कडं.

"हा बिब्बा कुणी लावला?" तिनं विचारलं. रोज दहा बिब्बे बघणारी बाई ती, आवाजात चीड होतीच.

काकी पुढं झाली. वाकली. डागाकडं बघत राहिली. तो डाग तिनं पहिल्यांदाच बघितला असणार, पोरीला अंघोळ घालते रेश्मा, पण हे मला मागाहून सुचलं. काकीचे डोळे तसे झाले, इथं नसल्यासारखे. मग ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "मी लावला."

"नक्की बिब्बाच ना आजी? नीट आठवून सांगा. असाच डाग दुसऱ्या कशानंही पडतो. तसं असेल तर मला वेगळी तपासणी करावी लागेल."

"बिब्बाच हाय. माझ्या हातानं लावलाय. शपत."

माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. म्हातारीनं सोडलं सोडलं म्हणून सगळ्यांना उल्लू बनवलं आणि शेवटी नातीवर सुई चालवली! तिथंच चार शब्द सुनावणार होतो, तेवढ्यात रेश्मा आली. मी दातओठ खाऊन गप्प बसलो. सुनेला कळलं तर गोरक्षला कळणार, आणि गोरक्षला कळलं तर काय होणार ते बारशाला ऐकलंच होतं. डॉक्टरबाईनंही नाव घेतलं नाही. रेश्माला एवढंच म्हणाली, "बिब्बा उतलाय, जखम चिघळली आहे. ताप त्याचाच दिसतो. औषध देते. पण पुन्हा असं कराल तर बघा." रेश्मानं मान खाली घातली. मला वाटलं, बिचारीला धक्का बसला असेल.

औषध घेऊन वाडीला परतलो, पण दोन दिवसांत पोरगी आणखीच खालावली. चेहरा सुजला, पोट फुगलं, श्वास उथळ झाला. पुन्हा जीप, पुन्हा धुकं. या वेळी निकी बडबडतही नव्हती. गप्प पोर मांडीवर घेऊन काकी स्वतःच बोलत होती, बैल आला, मासे आले, चल आपण बघू, डोळे उघड. तिच्या आवाजाला उत्तर येत नव्हतं. एवढ्या वर्षांत घाटात गाडी चालवताना मी कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं.

डॉक्टरबाईनं लगेच खाटेवर घेतलं, सलाईन लावलं. म्हणाली, "संध्याकाळपर्यंत बघते. नाहीतर मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल. पोरगी त्या प्रवासात टिकली पाहिजे." तिला तोंडानं सांगता आलं नाही ते तिच्या तोंडावर दिसत होतं. काकी खाटेच्या कडेला बसली, पोरीच्या केसांतून हात फिरवत. खिडकीबाहेर इतकं पांढरं होतं की दवाखाना जमिनीवर आहे की ढगात, सांगता आलं नसतं.

दुपारी गोरक्ष आला. सुप्याहून एसटी बदलत बदलत, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. आत जाऊन लेकीला बघितलं, बाहेर व्हरांड्यात आला आणि रेश्मासमोर उभा राहिला.

"पोरगी बरी होऊ दे," तो म्हणाला. "मग तुला देवळालीला सोडतो. परत यायचं न्हाई."

रेश्मा भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायलाही तिचा हात उठत नव्हता. आता मात्र मला राहवलं नाही. ज्या पोरीनं काही केलं नाही तिला घराबाहेर काढतोय हा गाढव!

"तिला काय बोलतोस रे? डोकं ठिकाणावर हाय का? बिब्बा तुझ्या आईनं लावलाय. डॉक्टरबाईपुढं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, मी तिथंच उभा हुतो!"

गोरक्ष माझ्याकडं वळला. "पन दादा, ही मला फोनवर म्हनाली, मी लावला."

"कोन म्हनाली?"

"रेश्मा."

मी रेश्माकडं वळलो. ती भिंतीला टेकली होती. "मीच लावला दादा. आत्याचं नाव कशाला घेता?"

"अगं पन ती शपत घेऊन सांगतीय! डाग एक आनि लावनाऱ्या दोघी? दोघींनी काय सुई मिळून धरली हुती का?"

मी ओरडलो ते आतपर्यंत गेलं. काकी दारात आली. "काय झालं? पोरगी दचकंल ना."

"काकी, खरं सांग. आता शपत बिपत नको. तू बिब्बा लावला का न्हाई?"

काकीनं आधी गोरक्षकडं बघितलं, मग सुनेकडं. "मी लावला म्हनून सांगितलंय ना एकदा. तिला तरास देऊ नका."

"आत्या," रेश्मा म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "आत्या, तुमी गप ऱ्हावा. मला म्हाईत हाय तुमी मायेनं लावला. अंघूळ घालताना बघितला मी डाग. कुनालाच सांगितलं न्हाई. ह्यांनी तुमाला पुन्ना मच्छिंद्राचं बोलू नये म्हनून मी माझं नाव घेतलं."

काकी खुळ्यासारखी तिच्याकडं बघत राहिली. "मी? अगं मी कुठं लावला? डबा तुझ्या ट्रंकंत. माझी फुली असती, ह्यो तर नुस्ता ठिपका. मला वाटलं, पोरीचं पोट दुखलं आसंल, घाबरून तूच लावला. कच्चा हात हाय, ठिपकाच पडला आसंल."

"मी न्हाई लावला आत्या. डब्याला हात सुदिक न्हाई लावला."

"मी बी न्हाई गं."

म्हणजे तो बिब्बा नव्हताच. म्हणजे डॉक्टरबाई विचारत होती ती वेगळी तपासणी. गोरक्षला आधी कळलं, त्याचा चेहरा पांढरा पडला. तो धावत सुटला, त्याच्या मागं रेश्मा, त्यांच्या मागं मी. काकीला पळवेना, ती भिंत धरून येत होती आणि ओरडत होती, "बाई! ओ बाई! मी खोटं बोलले!"

डॉक्टरबाई पेशंट सोडून उठली. टॉर्च घेऊन तिनं डाग पुन्हा बघितला, बोटानं जांघेत दाबून पाहिलं, तिथं गाठ आली होती. "पोरगी हा डाग खाजवत होती का?"

"न्हाई," रेश्मा म्हणाली. "कधीच न्हाई."

"गवतात बसली होती?"

"सोनकीत," काकी म्हणाली. "माझ्यापाशी. मी गवत कापत हुते."

"स्क्रब टायफस असणार," डॉक्टरबाई हर्षलला म्हणाली. मग आमच्याकडं वळली. "गवतात एक किडा असतो, डोळ्याला दिसतही नाही इतका बारीक. कपडा किंवा दोरा घट्ट असतो तिथं जाऊन चावतो. दुखत नाही, खाजत नाही, नुसती काळी खपली धरते. मी दिलेलं औषध त्याला चालत नाही. दुसरं आहे, ते आत्ताच सुरू करते. पट्टीची वाट बघत नाही."

आणखी काही बोलावं असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण तिनं काकीकडं पाहिलं आणि गिळलं. बरं केलं. बोलली असती तर मीच तिच्या अंगावर गेलो असतो. वास्तविक काकीवर सगळ्यात जास्त मीच ओरडलो होतो.

हर्षलकडं त्या रोगाच्याही पट्ट्या आल्या होत्या, या मोसमासाठी. तिसरी पट्टी मांडली. पुन्हा थेंब, पुन्हा टिपटिप औषध. सगळे त्या टेबलाभोवती उभे राहिलो. खिडकीतलं पांढरं धुकं, पांढरं टेबल, पांढरी पट्टी आणि त्यात सावकाश चढत जाणारा गुलाबी ओलावा. वेळ थांबल्यासारखा झाला होता. पहिली रेघ उमटली. पट्टी चांगली. तिच्या पलीकडं कोरं. मग तिथं काहीतरी आहे असं वाटायला लागलं, मग वाटलं नाहीच, डोळ्यांचा भास, मग रेश्मा हळूच म्हणाली, "आली."

दुसरी रेघ होती. आधी अंधुक, मग स्पष्ट.

रोग सापडला म्हणून आनंदानं रडणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली, आणि त्यांत मीही होतो. सांगायला लाज कसली? हर्षलच्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की त्याचा चष्मा खाली आला.

औषध सलाईनमधून गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरला, आणि या वेळी परत चढला नाही. अंगाला घाम सुटला. धुकं जरा विरळ झालं होतं, समोरचं लिंबाचं झाड दिसायला लागलं होतं. रेश्मा खाटेपाशी फरशीवर बसल्या बसल्या झोपली होती, किती दिवसांनी कोण जाणे. निकीनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "आजी, भूक लागली. भात दे." बस्स, एवढंच. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरबाई फेरीला आली. पोरीची नाडी बघितली, पोट दाबलं, हसली. मग काकीच्या शेजारी स्टूल ओढून बसली. रागावली नव्हती, तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"आजी, मी तुम्हाला परत परत विचारलं. वेगळी तपासणी करावी लागेल असंही सांगितलं. तरी खोटं का बोललात?"

काकीनं पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "बाई, मला वाटलं पोर चाललीच. एक असंच गेलंय माझं, तशीच ही बी जानार. तुमची तपासनी करून काय हुनार हुतं? माझ्या मनानं तिला कवाच सोडली हुती. म्हनलं, निदान सून तरी घरात ऱ्हावी. मला काढलं तर काढू दे, म्हातारीला किती दिस राहायचंय? पन ही गेली तर माझ्या लेकाचं घर उठंल."

डॉक्टरबाई काकीचा हात धरून बसली.

गोरक्ष दारात उभा होता. हातात केळ्यांची पिशवी. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आत आला, पिशवी खाटेवर ठेवली आणि आईच्या पायाशी खाली बसला. एवढा बाप्या माणूस, पण हुंदके द्यायला लागला.

"आई, घर तुझं हाय," तो म्हणाला. "जागा न्हाई म्हननारा मी कोन?"

"हळू बोल," काकी म्हणाली. "रेश्मा आत्ताच झोपलीय."

आणि तिनं एक केळ सोलून मोडलं, आधी अर्धं नातीला दिलं, मग उरलेलं अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.